पहिला गियर म्हणजे घाट

मार्चमध्ये एका रात्री साडेबाराला मी मोबाईलवर 'नागपूर मॉर्फिन गोळी कुठे मिळते' असं शोधत होतो. बाजूच्या खोलीत बाबा कण्हत होते. मराठीत कामाचं काहीच सापडलं नाही. यातून बाहेर पडलो की लिहायचं, हे तेव्हाच ठरवलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली आणि मी ती वही उघडून बसलोय. खालच्या तारखा त्या वहीतल्याच आहेत.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, गणेशपेठ डेपोला एकतीस वर्षं. रात्रपाळीत झोप लागू नये म्हणून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला), रिटायर झाल्यावर सवय म्हणून खर्रा. पन्नीत खर्रा घोटल्याचा आवाज ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो. 2022 च्या ऑक्टोबरात उजव्या गालाच्या आत जखम निघाली. बायोप्सी, तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन, रेडिएशन. बाबांच्या केशरी रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बरंचसं निभावलं. एक वर्ष बरं गेलं. जानेवारी 2024 मध्ये गाठ परत आली आणि या खेपेला गालाची कातडी फोडून बाहेर आली. 27 फेब्रुवारीला मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "आता घरी न्या. खायला आवडतं ते द्या." बाबांच्या नाकात तेव्हा राईल्स ट्यूब होती, नाकातून पोटात अन्न सोडायची नळी. आवडतं ते कुठून देणार?

बाहेर पडताना एका शिकाऊ डॉक्टरणीने फाइलच्या मागे पेनाने 'पॅलिएटिव्ह केअर, होम व्हिजिट' (म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करायची सेवा, घरी येऊन) असं लिहून खाली एका हॉस्पिसचा फोन नंबर दिला. तो नंबर मी चार दिवस लावला नाही. हॉस्पिस म्हणजे मरायला पाठवायची जागा, एवढंच डोक्यात होतं. 2 मार्चला, तो कण्हणारा आवाज तिसऱ्या रात्री ऐकल्यावर, लावला. पलीकडच्या बाईंनी डिस्चार्ज कार्ड, बायोप्सी रिपोर्ट, आधार आणि चालू गोळ्यांची नावं तयार ठेवायला सांगितली. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स आधीच काढून ठेवा. तुमच्या घरापर्यंत गाडी येते का, हेही विचारतात. आमची गल्ली मानेवाड्याच्या आतली, शेजाऱ्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी उभी असते, ती मंगळवारी सकाळी हटवून घेतली.

5 मार्चला चौघं आले. डॉक्टर, सिस्टर, समाजसेविका ताई आणि ड्रायव्हरभाऊ. औषधांची पेटी ड्रायव्हरभाऊंनीच आत आणली. बाबांनी डॉक्टरांआधी त्यांच्याकडे पाहिलं. ड्रायव्हर ड्रायव्हरला ओळखतो.

ताईंनी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता, निदान, आणि मग 'मुख्य काळजीवाहक'. मी माझं नाव सांगितलं. कोणी विचारायचाही प्रश्न नव्हता. मुलगा मी, कमावता मी, दवाखान्यात धावपळ केली मी. बायको आत चहा ठेवत होती.

डॉक्टर अर्धा तास बसले. बहुतेक वेळ ऐकतच होते. निघताना त्यांनी टीम म्हणजे काय ते समजावलं. डॉक्टर दुखणं आणि औषध बघणार, सिस्टर जखम आणि नळी, ताई कागदपत्रं आणि घरातल्या माणसांची घडी, लागलं तर समुपदेशक. "आणि तुम्ही," ते म्हणाले. मला वाटलं, चार धीराचे शब्द बोलताहेत. मग त्यांनी सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंची गोष्ट सांगितली. त्या आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या, आणि 1967 मध्ये लंडनला त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घरच्यांचं, पैशाचं सगळं कालवलेलं असतं, म्हणून एकट्या डॉक्टरने भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस मुंबईला 1986 मध्ये सुरू झालं, शांती अवेदना. हे सगळं ऐकताना माझं अर्धं लक्ष बाबांच्या चेहऱ्यावर होतं.

मॉर्फिनचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मी तेच शोधत होतो. तीव्र दुखण्यावरची ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. अफूपासून बनते म्हणून 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येते. पूर्वी ती ठेवायला दवाखान्यांना वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागायचे. 2014 मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. त्यामुळे ज्या संस्थेकडे ती मान्यता आहे तिथेच डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि तिथूनच गोळ्या मिळतात. रजिस्टरवर सही होते, रिकाम्या पट्ट्या परत मागतात, पुढचा साठा त्या मोजून. पट्ट्या फेकू नका. आम्ही पहिली फेकली आणि कचऱ्यातून शोधून काढली.

वेळा ठरलेल्या: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधल्या दोनला उठवावं लागत नाही. किती द्यायची ते डॉक्टरच ठरवतात, दुसऱ्याच्या पेशंटचं ऐकून देऊ नका. सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून. ते आम्ही तीन दिवस 'लागलं तर देऊ' म्हणून टाळलं आणि चौथ्या दिवशी बाबांचे जे हाल झाले ते लिहीत नाही. काटोलहून काका आले, पट्टी हातात घेऊन म्हणाले, "बापाले अफू चारून राहिले का रे?" सिस्टरने त्यांना फोनवर पंधरा मिनिटं समजावलं. त्यांना किती पटलं माहीत नाही, पण परत बोलले नाहीत.

सिस्टरने एक दोनशे पानी वही आणायला सांगितली होती. तारीख, वेळ, गोळी, फीड (नळीतून दिलेलं अन्न), लघवी, शौच, आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. बाबांचं बोलणं तेव्हा अर्धंच कळायचं. त्यांना दहाच्या पट्टीत रस नव्हता. उजवा हात पलंगाच्या कडेवर ठेवून ते गियर टाकल्यासारखा हलवायचे आणि पुटपुटायचे, "पहिला." मी वहीत लिहायचो: 1. मला वाटलं, बरं आहे, गोळी लागू पडली. 12 आणि 13 मार्चला ओळीने 1, 1, 1, 1. सिस्टरचा फोन आला तेव्हा तेच सांगितलं. डोस आहे तोच राहिला.

14 तारखेला मी शाळेत शिकवायला गेलो असताना बायको बाबांची चादर बदलत होती. हात हलला, "पहिला." ती थांबली आणि तिने विचारलं, "बाबा, घाट लागला का?"

बाबांनी डोळे मिटून मान हलवली.

भरलेली गाडी घाटात चढवायची तर पहिला गियर. सपाट रस्त्यावर टॉप. माझ्या बापाने आयुष्यभर गाडी चालवली आणि मी दोन दिवस त्याचं सगळ्यात वाईट दुखणं वहीत 'एक' म्हणून लिहिलं. तिने मला शाळेत फोन केला नाही, सरळ सिस्टरला केला. एक जादा डोस तेव्हाच द्यायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी येऊन डॉक्टरांनी डोस वाढवला.

त्याच दिवशी, 15 मार्चला, सिस्टरने मला चार प्रश्न विचारले. नळी नाकपुडीपाशी किती नंबरच्या खुणेवर आहे? कालची शौच कधी? ड्रेसिंग करताना जास्त दुखतं की नंतर? रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते? मी प्रत्येक वेळी बायकोकडे बघितलं. चौथ्या प्रश्नाला सिस्टरने फॉर्म काढला, माझ्या नावावर एक रेघ मारली आणि वर तिचं नाव लिहिलं. नातं: सून. मला म्हणाल्या, "सर, तुम्ही रात्र सांभाळा. टीममध्ये सगळ्यांना काम असते." राग आला होता, खोटं कशाला सांगू. दोन दिवस होता.

मुद्दाम लिहितोय, कारण नंतर हॉस्पिसच्या केंद्रात बसून मी इतर घरांतही हेच पाहिलं. फॉर्मवर मुलगा, उशाशी सून नाहीतर मुलगी नाहीतर बायको. फोन मुलाला येतो आणि माहिती दुसऱ्याकडे असते. हा रकाना खरा भरा. डोस त्यावर ठरतो.

मग घडी बसली. दिवस तिचा, रात्र माझी, फीड मिक्सरमधून काढणं आईचं: नाचणीची पेज, वरणाचं पाणी, दूध, सगळं गाळून. एका वेळी दोनशे मिली, पाठीला उशा लावून बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. गोळ्या अगदी बारीक कुटून पाण्यात विरघळवायच्या आणि आधी-नंतर साधं पाणी सोडायचं. माझ्या दुसऱ्याच रात्री मी अर्धवट कुटलेली गोळी सोडली आणि नळी तुंबली. रात्रीचे अकरा. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नळी बदलायचे 1,200 रुपये घेतले आणि वर ऐकवलं, "अशा पेशंटले कशाले घेऊन फिरता?"

जखमेच्या वासाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. वास इतका होता की माझा तेरा वर्षांचा मुलगा आजोबांच्या खोलीच्या दारातूनच 'जय महाराष्ट्र' करून पळायचा. सिस्टरने बायकोला शिकवलं: उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, जुनी पट्टी ओढायची नाही, भिजवून सोडवायची, मग मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड जखमेवर भुरभुरायची. चौथ्या-पाचव्या दिवशी वास निम्म्यावर आला. एका संध्याकाळी मुलगा आत जाऊन पलंगावर बसला आणि आयपीएलचा स्कोअर सांगू लागला. समुपदेशक बाई पुढे त्याच्याशी दोनदा बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

आणि टॉवेल. एके दिवशी सिस्टर बाबांना ऐकू जाणार नाही असं आम्हा दोघांना गॅलरीत घेऊन गेल्या. म्हणाल्या, गाठ मानेच्या मोठ्या नसेजवळ आहे, एखाद्या वेळी एकदम खूप रक्त येऊ शकतं. चार गडद रंगाचे टॉवेल उशाशी ठेवा. पांढऱ्यावर रक्त फार दिसतं, पेशंट घाबरतो आणि तुम्हीही घाबरता. आलंच तर टॉवेल लावून धरा, हात सोडू नका. सीताबर्डीला जाऊन चार मरून टॉवेल घेतले, 180 ला एक. दुकानदार म्हणाला, "साहेब, सेटमध्ये घ्या ना, रंग मिक्स येतात." मी एकाच रंगाचे मागत राहिलो. ते वापरायची वेळ आली नाही. दोन महिने ते घडी करून उशाशी होते आणि तिथे आहेत म्हणूनच मला रात्री थोडी झोप लागायची.

28 मार्च ते 6 एप्रिल बाबा केंद्रातच होते. दुखणं आवाक्यात आणायचं होतं आणि ताई स्पष्ट म्हणाल्या, "सूनबाईलेबी आराम पाहिजे ना." हॉस्पिसमध्ये नेलेलं माणूस परतही येतं, हे मला तिथे कळलं. खाटा मोजक्या, आवाज कमी, खिडकीला कडुनिंब. तिथल्या मावशी मला अजून आठवतात. पगाराने सगळ्यात खालच्या, पण सकाळी डॉक्टर राउंडला आले की आधी मावशींना विचारायचे, रात्र कशी गेली. मावशींनी कापूस गुंडाळलेल्या बोटाने बाबांचं तोंड कसं पुसायचं ते मला दाखवलं, खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने, आधी ओठ, मग चांगल्या बाजूचा गाल, जिभेच्या मागे जायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलताना त्या बाबांना विचारायच्या, "चला, आता कोणता स्टॉप?" बाबा पुटपुटायचे, "कोंढाळी." पुढच्या वेळी, "तळेगाव." अमरावतीपर्यंत पोचायला दिवस लागायचा.

शनिवारी एक स्वयंसेवक यायचे, रिटायर्ड गृहस्थ. मला वाटलं हे काय करणार. त्यांनी बाबांची डाव्या बाजूची दाढी केली, तीस मिनिटं लावून, आणि नंतर आईजवळ बसून तिचं माहेर कुठलं ते ऐकत राहिले. आईने त्या दिवशी दोन पोळ्या खाल्ल्या.

मध्येच माझी निवडणुकीची ड्युटी आली. नागपूरचं मतदान 19 एप्रिलला, मी अनुदानित शाळेत शिक्षक, त्यामुळे आदेश येणारच होता. रात्र माझ्याकडे आणि मतदान पथकाला आदल्या दिवशीच निघावं लागतं. अर्ज दिला, तर 'वडील आजारी' हे कारण रांगेतल्या निम्म्या लोकांचं होतं. ताईंनी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र दिलं: निदान, घरी सुरू असलेली सेवा, दर चार तासांची औषधं, रात्रीचा काळजीवाहक कोण. त्यावर डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. तीन चकरा झाल्या, प्रशिक्षणाला एकदा जावंच लागलं, आणि 16 तारखेला नाव वगळल्याचा कागद मिळाला. असं पत्र पहिल्याच आठवड्यात मागून ठेवा. ऑफिस कुठलंही असो, लागतंच.

पाडवा घरी झाला. बाबांना गच्चीवर नेता आलं नाही, मुलाने गुढीचा व्हिडिओ कॉल लावला. एका दुपारी कोपऱ्यावरचा पानठेलेवाला भेटायला आला, शहाळं घेऊन. दारातच रडायला लागला. बाबांनी त्याला हाताने बस म्हणून खुणावलं.

खर्चाचं विचारतात म्हणून: पलंगाचं भाडं महिन्याला 2,500 आणि डिपॉझिट 5,000, हवेची गादी 3,400, ड्रेसिंगचं सामान आणि डायपर मिळून महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. मला ताप आला तेव्हा अकरा रात्री अटेंडंट ठेवला, रात्रीचे 800. टीमच्या फेऱ्यांचे पैसे घेतले नाहीत. हवेच्या गादीची मोटर विजेवर चालते आणि मे महिन्यात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून इन्व्हर्टरची वायर त्या खोलीत आधी ओढून घ्या. कूलर थेट अंगावर लावू नका, जखमेची पट्टी सुकून चिकटते.

10 मे रोजी डॉक्टरांनी बाबांनाच विचारलं, पुढे त्रास वाढला तर केंद्रात यायचं की घरीच. आम्ही सगळे तोंडं फिरवून उभे. बाबांनी तर्जनी खाली गादीकडे दाखवली. मला बाहेर नेऊन डॉक्टर म्हणाले, आता दिवस मोजायचे. काय काय दिसेल तेही सांगून गेले: झोप वाढेल, लघवी कमी होईल, श्वास थांबून थांबून येईल, घशात घरघर वाजेल. घरघर ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, पेशंटला तितका नाही. कुशीवर वळवा, सलाईनसाठी धावू नका. हे आधी सांगितलं नसतं तर 20 तारखेच्या रात्री मी नक्की ॲम्ब्युलन्स बोलावली असती. फोन हातात घेतला होता. बायकोने वही पुढे केली, डॉक्टरांनी सांगितलेलं तिने त्यात ओळीने लिहून ठेवलं होतं. मी सिस्टरला फोन लावला. त्या चालू फोनवर आमच्यासोबत थांबल्या.

21 मे, पहाटे चार चाळीस. बाबा डाव्या कुशीवर होते.

घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, नमुना 4अ, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं लागतं. टीमचे डॉक्टर साडेसातला आले आणि देऊन गेले. तो कागद नसता तर स्मशानघाटावर अडकलो असतो. मूळ प्रत कोणाला देण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. नोंदणी एकवीस दिवसांत केली की विलंब शुल्क नाही. महापालिकेच्या झोन ऑफिसातून दाखल्याच्या आठ प्रती घेतल्या, बँक, विमा, आईची ईपीएफओ पेन्शन यात सात गेल्या. आईचं आधार आणि बाबांच्या पेन्शनच्या कागदांवरचं नाव यात 'बाई' या एका शब्दाचा फरक निघाला, त्याचं शपथपत्र अजून फिरतंय.

2 जूनला तेरवी. ताई आणि सिस्टर आल्या, जेवून गेल्या, आईजवळ बसल्या.

6 जूनला आम्ही दोघं उरलेल्या गोळ्या परत द्यायला केंद्रात गेलो. मॉर्फिन घरात ठेवायची नसते, दुसऱ्या कोणाला द्यायचीही नसते. ऊन मरणाचं होतं. सिस्टरने टेबलावर पट्ट्या पसरून गोळ्या मोजल्या, चौतीस. रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं, कारण टेबलाच्या त्या बाजूला मी बसलो होतो. मी ते बायकोकडे सरकवलं. तिने पर्समधून चष्मा काढला, चौतीस परत एकदा मोजल्या आणि सही केली.